वहीतलं अक्षर कोणाचं?

ताई, नमस्कार.

मी ५१ वर्षांची आहे. फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयात नोकरी करते, राहायला डोंबिवलीला. लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील कापड गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते आणि आई घरातच खानावळ चालवायची. बावीस जण जेवायला असत. गेल्या वर्षी मी दादरला आत्मपर लेखनाची चार रविवारांची कार्यशाळा केली. साडेचार हजार रुपये भरले. शेवटच्या रविवारी आईवरचा लेख वाचला. सगळ्यांना आवडला, दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. शिकवणारे सर मात्र म्हणाले, ‘छान आहे, पण यात तुम्ही कुठे आहात?’ वेळ संपली होती, पुढे बोलणं झालंच नाही. त्यानंतर आठ महिने मी एक ओळ लिहिलेली नाही. आईवर माझं किती प्रेम आहे हे मी शेवटी चार ओळींत लिहिलं होतं. मग आणखी कुठे असायला हवं होतं? लेख सोबत जोडला आहे.

भावाला हे लिखाण पसंत नाही. तो ठाण्याला असतो, आई त्याच्याकडेच आहे, आता ७८ वर्षांची. तो म्हणतो, आईने लोकांची उष्टी काढली हे जगाला सांगून तुला काय मिळणार? शिवाय बऱ्याच गोष्टी मला नीट आठवत नाहीत. तिथे कल्पनेने भरलं तर चालतं का? आता एका मोठ्या लेखकाची दोन दिवसांची निवासी कार्यशाळा आहे, नऊ हजार रुपये. जाऊ का? की हे आपलं काम नव्हे म्हणून सोडून देऊ?

ता. क. माझ्याकडे आईची उधारीची वही आहे. गिरण्यांच्या संपात माणसं गावी गेली, बरीचशी परत आलीच नाहीत, पैसेही राहिले. आईला लिहिता यायचं नाही, म्हणून नावं मी लिहून द्यायचे आणि जेवणाच्या रेघा ती मारायची. शेवटच्या पानावर नुसती तारीख आहे, २ मे १९८२. खाली काही नाही. असलं काही लेखात घालता येतं का?

– एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रीण,

आधी ताज्या कलमाबद्दल बोलते, कारण तुमचा लेख तिथे आहे.

सोबत पाठवलेली तीन पानं मी वाचली. त्यातलं बरंचसं सध्या बाजूला ठेवा आणि ताज्या कलमातल्या या पाच ओळी समोर घ्या. दुसरीतली मुलगी आईच्या शेजारी बसून मोठ्या माणसांची नावं वहीत लिहून देते. लिहिता न येणारी आई त्या नावांपुढे रेघा मारते, एका जेवणाची एक रेघ. सरांनी विचारलं, यात तुम्ही कुठे आहात? अहो, तुम्ही त्या वहीत पानोपानी आहात. त्यातलं एकेक नाव तुमच्या अक्षरात आहे. आणि ही वही तुमच्या लेखात नाही. ती पत्रातसुद्धा सही करायच्या आधी, जाता जाता आली.

असं होतं. कार्यशाळांमध्ये मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता कोणी लेख वाचून दाखवला की मी कागद मिटायची वाट बघते. कागद मिटल्यावर, चहाच्या वेळी, ‘तसं आणखी एक होतं, पण ते काही लिहिण्यासारखं नाही’ असं म्हणून माणूस जे सांगतो, ते ऐकायला मी कान टवकारते. लिहिण्यासारखं काय असतं याची एक ठरीव कल्पना आपल्या डोक्यात असते. शाळेतल्या ‘माझी आई’ निबंधापासून ती बसलेली आहे. आई कष्टाळू, आई प्रेमळ, आई म्हणजे अन्नपूर्णा. उधारीची वही त्या कल्पनेत बसत नाही, म्हणून ती बाहेर राहते.

सरांचा प्रश्न रास्त होता. पण शेवटच्या रविवारी, वेळ संपता संपता तो विचारून तुम्हाला एकटीला घरी पाठवायला नको होतं. असा प्रश्न विचारायचा तर पुढचा खर्डा वाचायची तयारी हवी. आठ महिने तुमचा हात थांबला याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेऊ नका.

आता त्या प्रश्नाचा अर्थ मला कळतो तसा सांगते. आत्मपर लेखातला ‘मी’ म्हणजे माझ्या भावना, असा समज फार पसरलेला आहे. म्हणून माणसं शेवटी चार ओळी भावनांच्या लिहितात आणि त्यांना वाटतं, झालं, मी आले. खरं तर वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं असतं की तुम्ही कुठे उभ्या होतात आणि तिथून काय दिसत होतं. दहा बाय बाराच्या खोलीत बावीस माणसं पाळीपाळीने जेवून जातात तेव्हा दुसरीतली मुलगी कुठे बसते? तिचा अभ्यास कुठे होतो, गॅलरीत की मोरीच्या कठड्यापाशी? त्या उंचीवरून माणसांचे चेहरे दिसतात की ताटं आणि गुडघे दिसतात? हे सांगितलंत तर प्रेम आहे हे सांगावं लागणार नाही.

आणि या लेखात ‘मी’ एक नाही, दोन आहेत. एक ती मुलगी, जिला ‘पेडणेकर’मधला ‘डणे’ नीट काढता येतोय का एवढीच काळजी आहे. दुसरी आजची तुम्ही, जिला माहीत आहे की त्यातली कितीतरी माणसं पुन्हा त्या दारात आली नाहीत. मुलीला जे कळत नव्हतं आणि तुम्हाला जे कळतं, त्या दोन्हींमधल्या अंतरात हा लेख आहे. मुलीच्या तोंडी आजची समज घालू नका आणि आजच्या समजुतीने तिला हाकलूनही देऊ नका. दोघींना एका पानावर बसू द्या.

आता क्रियापदांकडे या. तुमच्या लेखाच्या पहिल्या पानावरची क्रियापदं मी पेन्सिलने अधोरेखित केली. उठायची, थापायची, वाढायची, घासायची, झोपायची. सगळं पान ‘यची’ आहे. शाळेत याला रीती भूतकाळ म्हणून शिकवलं होतं. आठवणी मराठीत आपोआप याच काळात येतात आणि मराठीतला निम्मा आत्मपर मजकूर त्यात बुडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘आई पहाटे उठायची’ या वाक्यात हजारो पहाटा एकीवर एक ठेवल्या आहेत, म्हणून त्यातली एकही दिसत नाही. पातेल्याला चटका बसत नाही, कुणी दार वाजवत नाही. ‘आई उठली’ म्हणालात की लगेच प्रश्न येतात: कोणत्या दिवशी? मग काय केलं? कोण आलं? तिथून गोष्ट चालायला लागते.

रीती भूतकाळ टाकून द्या असं मी म्हणत नाही. तो पार्श्वभूमीला लागतोच. पण दोन परिच्छेदांनंतर ‘एके दिवशी’ यायला हवं, आणि तुमच्याकडे तर एके दिवशी नाही, तारीखच आहे. वही हा रीती भूतकाळावरचा उतारा आहे. रोज तेच घडायचं असं तुम्हाला वाटतं, पण वहीत रोज वेगळ्या रेघा आहेत. कोण कधीपासून कमी झाला, कोणाच्या नावापुढे पगाराच्या दिवशी फुली पडली, कोणाच्या पडली नाही, हे तिथे आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्या पानापासून २ मेपर्यंतची पानं एका रविवारी सावकाश वाचा आणि माणसं कशी गळत गेली ते नुसतं टिपून काढा. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपात होते, हा आकडा सगळ्यांनी वाचलेला आहे. तुमच्या वहीत त्या अडीच लाखांतले बावीस आहेत, आणि ते रोज काय खात होते याचा हिशेब आहे. एवढ्या जवळून तो संप फार थोड्या घरांतून दिसला असेल.

वही हातात घ्याल तेव्हा मजकुराच्या आधी वस्तू बघा. कव्हर कसलं आहे, हळदीचे किंवा तेलाचे डाग कुठे आहेत, रेघा पेन्सिलच्या की शाईच्या, पाचवी रेघ आडवी आहे का. नावं कशी लिहिली आहेत? आडनावाने, की आई हाक मारायची तशी, गावावरून? एखादं जोडाक्षर तुम्ही चुकवलेलं असेल आणि ते तसंच महिनोन्‌महिने चाललेलं असेल. ते चुकलेलं जोडाक्षर लेखात तसंच येऊ द्या, दुरुस्त करू नका.

माझा एक अनुभव सांगते. माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. पुष्कळ वर्षांपूर्वी दादरच्या एका शाळेच्या वर्गात भरलेल्या कार्यशाळेत मी त्यांच्यावर लेख वाचला. ‘बाबांनी कष्टाने आम्हाला वाढवलं’ वगैरे. आमच्यात एक निवृत्त बस कंडक्टर होते. त्यांनी विचारलं, ‘वडिलांची बोटं कशी होती?’ मी बोलून गेले, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कायम काळसर, साबणाने न निघणारी, आणि म्हणूनच असेल, पण ते आमटीभातसुद्धा चमच्याने खायचे आणि चाळीतले लोक त्याला ऐट म्हणायचे. खोली एकदम शांत झाली. चमच्याची ऐट नव्हती हे मला स्वतःला त्या क्षणी, बोलता बोलता कळलं. बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या कंडक्टर काकांचं एकच वाक्य मी कार्यशाळेतून घरी नेलं, आणि ते मला पुरलं.

कार्यशाळेत मिळतं ते असं. म्हणून तुमच्या श्रोत्यांच्या पाण्याबद्दल जरा वेगळं बोलते, राग मानू नका. त्या दोघीतिघींच्या डोळ्यांतलं पाणी खोटं नव्हतं. पण ‘आई पहाटे उठायची, राबायची’ हे ऐकताना त्यांना त्यांच्या त्यांच्या आया आठवल्या. तुमची आई अजून त्या वर्गात आलेलीच नाही. ती यायला हवी असेल तर तिच्याबद्दल असं काही सांगा जे दुसऱ्या कुठल्याही आईबद्दल सांगता येणार नाही. साधा हिशेब करा. बावीस माणसं, माणशी तीन भाकरी धरल्या तरी एका वेळेच्या छासष्ट. एका भाकरीला दीड मिनिट धरलं तर दीड तासाच्या वर ती तव्यापुढे आहे, नुसत्या भाकरीसाठी, आणि तेही एकाच वेळेचं. चूल होती, शेगडी होती की रॉकेलचा स्टोव्ह? रॉकेल रेशनवर किती मिळायचं आणि उरलेलं कुठून यायचं? जेवणारे घाटावरचे की कोकणातले, म्हणजे रोज भाकरीच की भातही? तिघाचौघांना भात हवा असेल तर आईने वेगळं पातेलं चढवलं का? यातलं तुम्हाला सगळं माहीत नसेल. तर आई आहे ना! ७८ वर्षांची आहे आणि तुम्ही तिला अजून विचारू शकता. पुढच्या रविवारी ठाण्याला जा. लेखाचं नाव काढू नका, फक्त वही तिच्या मांडीवर ठेवा आणि एकेका नावावर बोट ठेवून विचारा, हा कोण होता गं? फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर तिला सांगून करा. बाकी सगळं थांबलं तरी चालेल, हे थांबायला नको.

आईच्या आठवणीला जोड म्हणून बाहेरचंही थोडं वाचा. आत्मपर लेखाला अभ्यास लागत नाही हा आणखी एक गैरसमज. गिरणगावात घरगुती खानावळ चालवणाऱ्या बायका हजारोंनी होत्या. गावी बायकामुलं ठेवून आलेला कामगार गाळ्यात पथारी टाकायचा आणि जेवायला एखाद्या बाईकडे असायचा. ती महिनाभर उधारीवर खाऊ घालायची आणि त्यासाठी स्वतः वाण्याकडे उधारी करायची. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला, बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. तुमच्या आईला ते ठाऊक होतं का? ती त्यात होती का, नव्हती तर का नव्हती? तुमच्या लेखात ‘अन्नपूर्णा’ हा शब्द उपमा म्हणून आला आहे. त्याच नावाखाली गिरणगावातल्या बायका कर्जाच्या अर्जावर अंगठे उठवत होत्या, हे कळल्यावर तो शब्द तुम्ही तसाच वापरू शकणार नाही. दादर पूर्वेला, नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. ही संस्था १८९८ सालची. एक दिवस रजा टाका, १९८२ सालची वर्तमानपत्रं किंवा मासिकं तिथे किंवा आणखी कुठे बघायला मिळतात का ते विचारा, आणि मिळाली तर वहीची तारीख आणि बातमीची तारीख शेजारी शेजारी ठेवा.

कल्पनेने भरायचं का, हा तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं माझं उत्तर कडक आहे. भरायचं नाही. हा लेख खरा आहे या विश्वासाने कोणीतरी वाचणार आहे. तुम्हाला न आठवणारा संवाद अवतरण चिन्हांत घातलात तर तो विश्वास मोडला. कथा लिहायची तर खुशाल लिहा, पण मग तिला कथा म्हणा.

पण याचा अर्थ जे आठवत नाही तिथे भोकं ठेवायची असा नाही. मराठीने आपल्याला यासाठी किती सोय करून ठेवली आहे बघा. ‘आई पहाटे तीनला उठली’ म्हणजे मी पाहिलं. ‘आई म्हणे तीनला उठायची’ म्हणजे मला कुणी सांगितलं. ‘आई तीनला उठत असावी’ म्हणजे पहिल्या पाळीची माणसं सातच्या भोंग्याआधी जेवून किंवा डबा घेऊन जायची यावरून मी ताडते आहे. ‘उठली असेल’ म्हणजे मला खात्री नाही, पण मन तिथे जातं. एका ‘म्हणे’ने आणि एका ‘असावी’ने तुम्ही वाचणाऱ्याला सांगून टाकता की इथून पुढे जमीन ठिसूळ आहे, जपून या. आपल्या आज्या रोजच्या बोलण्यात हे इतकं अचूक वापरायच्या की ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांदेखतची गोष्ट त्यांच्या तोंडून कधी एकमेकींत मिसळली नाही. आपण लिहायला बसलो की ‘म्हणे’ गावंढळ वाटतं आणि आपण ते गाळतो. गाळू नका. ‘मला आठवत नाही’ हे वाक्यही लिहायला घाबरू नका. ‘२ मेला आईने माझ्याकडून तारीख लिहून घेतली, पुढे नाव का सांगितलं नाही ते मला आठवत नाही’ असं वाक्य आलं तर मी वाचक म्हणून तुमच्या आणखी जवळ सरकेन.

(तारीख तुमच्याच अक्षरात आहे असं मी धरून चालले आहे. नसेल, ती आईने स्वतः काढलेली असेल, तर तो वेगळाच लेख आहे. जाऊन बघा.)

भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लेखात मला एक धडपड दिसली. ‘माता’, ‘अविरत’, ‘उदरनिर्वाह’. पत्रात मात्र तुम्ही सरळ ‘जेवणाच्या रेघा ती मारायची’ लिहून गेलात. पत्रातली भाषा तुमची आहे. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेलेल्या नव्हत्या, लिहावाचायला लग्नानंतर शिकल्या, आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आजही वाचली जातात ती त्या बोलतात तशी लिहितात म्हणून. एवढं उदाहरण पुरे.

आता भाऊ. त्याच्यावर चिडू नका. तुमच्या लेखात एका ओळीत येऊन गेलंय की तो डबे पोचवायचा. म्हणजे तो दहाबारा वर्षांचा असेल, हातात डबे, गिरणीच्या फाटकापाशी उभा. त्याच्या वर्गातली मुलं त्याच रस्त्याने जात असतील का? त्याला कोणी काही म्हणालं असेल का? मी अंदाज करते आहे, तुम्ही अंदाज करू नका, त्याला विचारा. ‘लिहू का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर तो नाहीच देणार. ‘डबे घेऊन जायचास तेव्हा कुठल्या रस्त्याने जायचास’ एवढंच विचारा. ‘उष्टी काढली’ हा शब्द त्याचा आहे, तुमचा नाही, आणि तो शब्द त्याच्याकडे कुठून आला हे कळलं तर कदाचित लेखात त्यालाही जागा लागेल.

परवानगीचं म्हणाल तर माझी एक चूक सांगते, जी अजून मला बोचते. बाराएक वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकात मावशीवर लिहिलं. तिचं पहिलं लग्न मोडलं होतं. आमच्या पिढीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मी एका ओळीत तसं लिहून गेले. तिच्या सुनेला ते ठाऊक नव्हतं. अंक घरात आला, सुनेने वाचला. मावशी माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही, आणि नंतर बोलली तेही लेखाचा विषय सोडून. ती ओळ काढली असती तर लेखाचं काहीसुद्धा बिघडलं नसतं. तेव्हापासून मी असं करते: पहिला खर्डा कुणाचाही विचार न करता लिहिते, कारण त्या वेळी घरच्यांचे चेहरे समोर आणले तर पेन उचलत नाही. छापायला द्यायच्या आधी मात्र जी माणसं हयात आहेत त्यांना त्यांच्यापुरता भाग वाचून दाखवते. माझी आठवण माझी आहे, ती मी कुणाला विचारून ठेवत नाही. दुसऱ्याचं गुपित माझं नाही.

वहीतल्या माणसांनाही हेच लागू आहे. त्यांची नावं बदला. पैसे बुडवले म्हणून एखाद्याचं खरं नाव गावासकट छापलंत तर त्याची नातवंडं वाचतील, आणि तो माणूस का परतला नाही हे तुम्हाला माहीत नाही. नावं बदलली आहेत असं लेखात एका वाक्यात सांगा, म्हणजे झालं.

राहिली नऊ हजारांची कार्यशाळा. सध्या जाऊ नका. तुमच्या हातात आता खर्डा नाही, आणि खर्ड्याशिवाय कार्यशाळा म्हणजे भाषणं ऐकणं. दोन दिवस मोठ्या लेखकाच्या आठवणी ऐकाल, भारावून याल आणि मंगळवारी पुन्हा वही बंदच असेल. वही वाचून, आईशी बोलून, सात-आठ पानांचा कच्चा लेख झाला की मग शोधा. पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: माणसं किती? आठ-दहा असतील तर ठीक. साठ जण आणि शेवटी प्रमाणपत्र असेल तर नमस्कार करून फोन ठेवा. सगळ्यांचे लेख आधी वाचून यायचे असतात का, की तिथल्या तिथे ऐकवायचे? ऐकून फक्त भावना कळते, वाक्यं कळायला कागद समोर लागतो. आणि दुसरा खर्डा कोणी बघणार आहे का? तुमच्या बाबतीत नेमकं हेच राहून गेलं.

चांगल्या कार्यशाळेत बहुतेक ठिकाणी एक रीत असते. तुमच्या लेखावर चर्चा चालू असेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा सुरू झाली आणि तिच्यासोबत ही पद्धत बरीच पसरली. पहिल्यांदा ते फार जड जातं. कोणी चुकीचा अर्थ लावत असतं आणि तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटतं की तसं नाही. पण छापलेल्या लेखासोबत तुम्ही वाचकाच्या घरी जाऊन खुलासा करू शकणार नाही, म्हणून ती गप्प बसायची सवय कामाची. त्या वेळी वहीत फक्त एक गोष्ट टिपा: कोण कुठे अडखळलं. ‘इथे मला कळेना हा कोण’, ‘इथे माझं लक्ष उडालं’ हे सोन्यासारखं. ‘मी असते तर शेवट असा केला असता’ हे सोडून द्या, तो त्यांचा लेख. ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्यांना मनापासून धन्यवाद द्या आणि पुढे चला. तीन जण एकाच जागी अडखळले तर ती जागा दुरुस्त करा, मग ती तुम्हाला कितीही लाडकी असो.

तोपर्यंत फुकटातली कार्यशाळा तुमच्याजवळ आहेच. डोंबिवलीहून रोज एकाच गाडीला, एकाच डब्यात असता ना? त्या बायकांमध्ये एखादी तरी असेल जिचं माहेर परळचं, शिवडीचं, काळाचौकीचं. तिला दोन पानं वाचायला द्या. ठाणे ते दादर पुरेल. आवडलं का असं विचारू नका, कुठे थांबलीस ते विचारा. गिरणगावातल्या मुलीला तुम्ही भोंग्याची वेळ चुकीची सांगितलीत तर ती लगेच पकडेल, आणि तसं पकडणारं माणूस निवासी शिबिरात मिळेलच असं नाही.

लेख कसा संपवू, असं तुमच्या तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलने लिहिलेलं मला दिसलं. आधीच ठरवू नका. फ्रान्समध्ये माँतेन्य नावाच्या माणसाने १५८० साली स्वतःबद्दलचे असे लेख पहिल्यांदा पुस्तकात छापले तेव्हा त्यांना जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘प्रयत्न’ असा होता. उत्तर हाताशी असतं तर त्याला तो शब्द लागला नसता. शेवटच्या पानावर तारीख लिहून नाव का लिहिलं नाही, हे आज तुम्हाला माहीत नाही. ते शोधत लिहा. सापडलं नाही तर तेवढं लिहून थांबा.

आणि सोडून देऊ का, असं विचारलंत. नका सोडू. गिरण्या गेल्या, चाळी जाताहेत, आणि त्या बावीस माणसांची हजेरी लावणारी वही तुमच्या कपाटात आहे. तिचा अर्थ लावू शकणारी माणसं दोनच, तुम्ही आणि आई. रेघा कुठल्या कुणाच्या हे तर फक्त तिलाच सांगता येईल.

मी कॅलेंडर काढून पाहिलं. २ मे १९८२ ला रविवार होता. गिरणी चालू असायची तेव्हा रविवारी तुमच्याकडे काय शिजायचं? आणि त्या रविवारी काय शिजलं होतं? ठाण्याला गेलात की आईला आधी हे विचारा, आणि मला कळवा.